औषधाचे कपाट : पांजरपोळांच्या इतिहासातील एक दुर्लक्षित प्रकरण

ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त प्रसिद्ध होणाऱ्या या स्मरणिकेसाठी पांजरपोळाविषयी काही लिहावे, असा संपादक मंडळाचा आग्रह झाला. पन्नास वर्षांत उभे राहिलेले गोठे, पाण्याचे हौद, चाऱ्याची गोदामे आणि त्यामागील दातृत्व यांविषयी इतर मान्यवर लिहितीलच. मी पेशाने पशुवैद्यक. शासकीय सेवेत तीस वर्षांहून अधिक काळ काढला आणि निवृत्तीनंतर आपल्या पांजरपोळात मानद सेवा करीत आहे. गोठ्याच्या भिंतीवर दात्याचे नाव संगमरवरात कोरलेले असते. औषधाच्या कपाटावर कोणाचेच नाव नसते आणि पाहुण्यांना ते कोणी दाखवीतही नाही. म्हणून मी त्या कपाटाचाच इतिहास लिहावयाचे ठरविले. त्यात जीवदयेच्या पोटी घडलेल्या एका मोठ्या जीवहानीची कथा आहे आणि त्या हानीत प्रस्तुत लेखकाच्या हाताचाही वाटा आहे.

प्रारंभ मुंबईपासून करावा लागेल. १८३२ साली कंपनी सरकारच्या अंमलात मोकाट कुत्री मारण्याची मोहीम निघाली आणि पारशी समाजाने तिच्याविरुद्ध उघड दंगा केला. इतर समाजांनीही त्यांना साथ दिली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, सर जमशेटजी जीजीभाई आणि आपल्या समाजातील विख्यात श्रेष्ठी शेठ मोतीचंद अमीचंद, म्हणजेच मोतीशा शेठ, यांच्या पुढाकाराने मुंबई पांजरपोळाची स्थापना झाली. एक पारशी आणि एक जैन अशा दोन गृहस्थांनी मिळून अनाथ प्राण्यांसाठी छप्पर उभारले, ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे तिचा संदर्भ येणार आहे.

त्या काळच्या पांजरपोळात औषधाचे कपाट असण्याचे कारणच नव्हते. हळद, हिंग, ओवा, गूळ, करंजाचे तेल, एरंडेल, कडुलिंबाचा पाला हीच औषधे, आणि ती स्वयंपाकघरात किंवा परसात मिळत. जाणता गुराखी किंवा गावातील शालिहोत्री हाच वैद्य. या औषधांनी गुण येई किंवा न येई, पण अपाय झालाच तर तो त्या एका जनावरापुरता राही.

ही स्थिती बदलली ती १८८० च्या दशकापासून. सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून परळला त्यांच्या पत्नीच्या नावे बाई साकरबाई पशुरुग्णालय उभे राहिले आणि त्याच्याच आवारात १८८६ मध्ये मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. १८८९ च्या डिसेंबरात पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात डॉ. आल्फ्रेड लिंगार्ड यांच्या हाताखाली इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी स्थापन झाली. जनावरांच्या साथींचा शास्त्रीय अभ्यास करणारी ही देशातील आद्य संस्था. १८९३ मध्ये ती हिमालयातील मुक्तेश्वर येथे हलविण्यात आली. तिचेच आजचे रूप म्हणजे बरेलीजवळील इज्जतनगरची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था. पुण्यात लावलेल्या या रोपाने सव्वाशे वर्षांनी काय काम केले, तेही पुढे येईल.

जनावरांजवळ काम करणाऱ्या माणसाला धोका असतो, याची जाणीवही याच सुमारास होऊ लागली होती. घोडे व खेचरे यांना ग्लँडर्स नावाचा रोग होतो. त्याच्या नाकातील स्रावातून तो मोतद्दार आणि सलोत्री यांना जडे, आणि प्रतिजैविके नसलेल्या त्या काळात जडला की बहुधा प्राण घेई. १८९९ मध्ये या रोगासाठी स्वतंत्र कायदा झाला. त्याचा मुख्य हेतू घोड्यांतील साथ रोखण्याचा होता आणि त्याची रीत रोगी जनावर मारून टाकण्याची होती, जी आपल्याला रुचणारी नाही. तथापि रोग लपवू नये, तो कळवावा, हे कर्तव्य मालकावर घालणारा तो आपल्याकडील जुना कायदा म्हणून त्याची नोंद घेणे योग्य होईल. २००९ च्या पशुरोग प्रतिबंधक कायद्याने तो निरस्त झाला.

औषधांचा कायदा यायला मात्र बराच अवधी लागला. विसाव्या शतकाच्या आरंभी परदेशातून येणाऱ्या आणि येथे बनणाऱ्या औषधांत भेसळीला ऊत आला होता. १९३० मध्ये कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमण्यात आली आणि तिच्या शिफारशींवरून पुढे १९४० चा औषध कायदा झाला. १९४५ मध्ये त्याचे नियम आले. सौंदर्यप्रसाधने त्यात १९६२ मध्ये समाविष्ट झाली. या कायद्यात औषधाची व्याख्या करताना मनुष्याच्या जोडीने प्राण्यांचाही उल्लेख करण्यात आला. दिसायला हे शब्द किरकोळ आहेत. पण त्यामुळे गायीला टोचावयाचे औषधही परवान्याशिवाय बनविता वा विकता येत नाही आणि घातक औषध सरकारला देशभर बंद करता येते. पुढच्या साऱ्या कथेचा आधार हे शब्दच आहेत.

नियमांतील एक तरतूद तर थेट कपाटाशीच संबंधित आहे. दुकानात जनावरांची औषधे ठेवावयाची तर त्यांवर ती मनुष्यासाठी नसून केवळ प्राण्यांच्या उपचारासाठी आहेत असे छापलेले असले पाहिजे, आणि ती स्वतंत्र कपाटात, स्वतंत्र खणात किंवा गिऱ्हाइकाचा हात पोहोचणार नाही अशा वेगळ्या भागात असली पाहिजेत. नियम दुकानांसाठी आहे. परंतु पांजरपोळाच्या कार्यालयात ज्या कपाटात पावतीपुस्तके, उदबत्त्या आणि व्यवस्थापकांची स्वतःची मधुमेहाची गोळी असते, त्याच कपाटात जनावरांची इंजेक्शने ठेवलेली मी अनेक ठिकाणी पाहिली आहेत. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याने उपचाराचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकाला दिला. पदविकाधारकांना त्याच्या देखरेखीखाली लसीकरण, मलमपट्टी अशी किरकोळ कामे करता येतात. प्रत्यक्षात ज्याच्या हाती कपाटाची किल्ली, तो वैद्य, अशीच रीत बहुतेक ठिकाणी होती. किल्लीही बहुधा कुलपालाच लटकत असे.

असो. आता मुख्य विषयाकडे वळतो.

१९९० च्या दशकात आमच्या हाती डायक्लोफेनॅक आले. माणसांच्या सांधेदुखीवर ते आधीपासून वापरात होतेच. आता जनावरांसाठी त्याच्या तीस मिलिलिटरच्या कुप्या बाजारात आल्या आणि लवकरच ते इतके स्वस्त झाले की परवडत नाही असे म्हणणारा शेतकरी उरला नाही. ताप, दगडी कास, पाय मुरगळणे, बाळंतपणातील कळा, शस्त्रक्रियेनंतरची वेदना, प्रत्येकावर तेच. पंधरा मिलिलिटर मांसात टोचावे आणि अर्ध्या-पाऊण तासात लंगडणारा बैल उभा राहावा! मालकाच्या चेहऱ्यावरचे समाधान पाहून आम्हालाही धन्य वाटे. पांजरपोळात तर त्याची गरज अधिक. तेथे येणारी जनावरे म्हातारी, अपघातात सापडलेली, कंबर मोडलेली. त्यांचे दुःख संपविण्यासाठी त्यांना मारणे आपल्याला मान्य नाही. मग निदान वेदना तरी कमी व्हावी, या बुद्धीने आम्ही शेवटच्या दिवसांपर्यंत ते औषध देत असू. एका म्हाताऱ्या खिलार बैलाला मी सलग चार दिवस ते टोचल्याचे मला आठवते. पाचव्या दिवशी तो गेला. त्याचे कलेवर गावाबाहेरील माळावर, जेथे सर्वच मेलेली जनावरे टाकीत, तेथे नेऊन टाकले. माझ्या दृष्टीने उपचार तेथे संपला होता.

त्या माळावर पूर्वी गिधाडे उतरत. साठ-सत्तर गिधाडे एका बैलाचा सांगाडा अर्ध्या दिवसात स्वच्छ करीत. ती केव्हा येईनाशी झाली, हे मला सांगता येत नाही, कारण माझे तिकडे लक्षच नव्हते. कुत्री वाढली एवढे मात्र जाणवले.

ज्यांचे लक्ष होते, त्यांच्यापैकी एक बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. विभू प्रकाश. राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात १९८० च्या दशकात त्यांनी पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची साडेतीनशेच्या आसपास घरटी मोजली होती. दहा वर्षांनी पुन्हा मोजणी केली तेव्हा निम्म्याहूनही कमी उरली होती आणि पुढे थोड्याच वर्षांत तेथे एकही उरले नाही. झाडाच्या फांदीवर मान खाली टाकून बसलेली गिधाडे पाहता पाहता कोसळत. कोणी कीटकनाशकांवर संशय घेतला, कोणी विषाणूवर. शवविच्छेदनात यकृतावर, हृदयावर, आतड्यांवर खडूची भुकटी शिंपडावी तसा पांढरा थर आढळे. ते युरिक आम्ल होते. मूत्रपिंडे निकामी झाल्यावाचून ते असे साचत नाही. पण ती निकामी कशाने झाली, हे कळत नव्हते.

उत्तर मिळाले पाकिस्तानातील पंजाब प्रांतात. डॉ. लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सर्व ज्ञात विषे आणि रोगजंतू तपासून पाहिले. काही सापडले नाही. मग त्यांनी वेगळा विचार केला : गिधाडांचे अन्न म्हणजे मेलेली गुरे, तर त्या गुरांच्या अंगात मरणापूर्वी काय जाते? त्यांनी पशुवैद्यकांकडे आणि औषधविक्रेत्यांकडे चौकशी केली आणि मूत्रपिंडावर परिणाम करू शकणारे एकच औषध सर्वत्र आढळले. तपासलेल्या ज्या ज्या गिधाडाच्या शरीरात असा पांढरा थर होता, त्याच्या मूत्रपिंडात डायक्लोफेनॅक निघाले. ज्यांच्यात तो नव्हता, त्यांच्यात औषधही नव्हते. हे संशोधन २००४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. गायीला ज्या मात्रेने आराम पडतो, तिच्या दशांशाइतकी मात्राही, वजनाच्या प्रमाणात, गिधाडाला मारण्यास पुरते.

त्याच वर्षी रिस ग्रीन आदी शास्त्रज्ञांनी गणिताने दाखविले की, दर हजार मृत जनावरांपैकी अवघ्या एक ते आठ जनावरांत हे औषध असले, तरी झालेला सारा ऱ्हास घडू शकतो. गिधाडे मोठ्या संख्येने एकाच कलेवरावर उतरतात. एक कलेवर दूषित असले की सारा थवा जातो. आणि प्रत्यक्षात किती जनावरे दूषित होती? २००४-०५ मध्ये देशातील बारा राज्यांतून मृत गुरांच्या यकृताचे अठराशेहून अधिक नमुने तपासण्यात आले. त्यांपैकी सुमारे दहा टक्क्यांत डायक्लोफेनॅक होते. म्हणजे हजारात शंभर. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत भारतातील पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी ९९ टक्क्यांहून अधिक नाहीशी झाली.

हे औषध जनावराच्या शरीरातून काही दिवसांत निघून जाते. जे जनावर बरे होऊन पुढे वर्षभराने मेले, त्याच्यापासून गिधाडांना काही धोका नव्हता. धोका होता तो औषध दिल्यावर दोन-चार दिवसांतच मरणाऱ्या जनावरापासून. शेतकऱ्याच्या गोठ्यात असे जनावर क्वचित असे. जेथे मरणोन्मुख जनावरेच आश्रयाला येतात, जेथे अखेरच्या क्षणापर्यंत सेवा करण्याचे व्रत आहे आणि जेथे त्या जनावराला कसायाकडे न देता नैसर्गिक मरण येऊ दिले जाते, तेथे असा मृत्यू नित्याचा. माझ्या त्या खिलार बैलाने किती गिधाडे नेली, किंवा एकही नेले की नाही, हे कोणीच सांगू शकणार नाही. २००४ नंतर तो संशोधनलेख मी प्रथम वाचला, तेव्हा मला गरळ ओकल्यासारखे झाले, एवढेच सांगतो.

आता आरंभीच्या त्या संदर्भाकडे येऊ. मोतीशा शेठ यांच्या जोडीने ज्यांनी मुंबई पांजरपोळ उभारले, त्या जमशेटजींच्या समाजाची अंत्यविधीची रीत गिधाडांवर अवलंबून आहे. मलबार हिलवरील डुंगरवाडीत शेकडो वर्षे जे काम हे पक्षी करीत आले, ते करण्यास पक्षीच उरले नाहीत. अखेर तेथे सूर्यकिरण एकवटणारी यंत्रे बसवावी लागली. मुंबईतील गिधाडे संपण्यास शहराची वाढ वगैरे इतर कारणेही होती, हे मान्य करावयास हवे. तरीही देशभरातील गिधाडे ज्या औषधाने गेली ते गायीबैलांवरील दयेपोटी दिले जात होते, आणि त्याची झळ लागली ती ज्यांनी आपल्याबरोबर त्या दयेचे पहिले छप्पर उभारले त्यांच्या धर्माचाराला. हा योगायोग मला अनेक वर्षे अस्वस्थ करीत आला आहे.

दिल्लीच्या लाल मंदिरातील पक्ष्यांच्या धर्मार्थ रुग्णालयाविषयी वाचकांना माहिती असेलच. तेथे शाकाहारी पक्ष्यांना दाखल करून घेतात. शिकारी पक्ष्यांवर उपचार करतात, पण त्यांना मुक्कामास ठेवत नाहीत. त्या नियमामागील भावना मी समजू शकतो. परंतु गिधाडाविषयी विचार करताना मला नेहमी वाटते की, हा पक्षी सहसा कोणाला मारीत नाही. जे आपण होऊन मेले त्यावरच त्याची गुजराण. अहिंसेच्या कसोटीवर त्याला घार-ससाण्यांच्या पंक्तीस बसविणे कितपत योग्य, हे विद्वानांनी ठरवावे.

माणसांचीही हानी झाली. माळावरचे मांस कुत्र्यांना मिळू लागले, पाणवठे दूषित झाले. आयाल फ्रँक व अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असा अंदाज मांडला आहे की, गिधाडे नष्ट झाल्यामुळे २००० ते २००५ या काळात भारतात सुमारे पाच लाख अधिक माणसे मृत्यू पावली. हा अंदाज आहे, शिरगणती नव्हे. पण तो निम्म्याने कमी केला तरी आकडा लहान होत नाही.

सरकारने मे २००६ मध्ये पशुवैद्यकीय डायक्लोफेनॅकचे उत्पादन थांबविण्याचा आदेश दिला. त्याच वर्षी नेपाळ आणि पाकिस्ताननेही पाऊल उचलले. २००८ मध्ये आपल्याकडे रीतसर राजपत्रातील अधिसूचना निघाली. येथे माझ्या व्यवसायबंधूंविषयी थोडे कटू लिहावे लागते. जनावरांची कुपी बंद झाली, तर माणसांची होतीच. तिच्याही तीस मिलिलिटरच्या कुप्या निघत. माणसाला एका वेळी तीन मिलिलिटर लागतात. मग तीस मिलिलिटरची कुपी कोणासाठी होती, हे उत्पादक, विक्रेता आणि वैद्य तिघेही जाणून होते. कित्येक कपाटांत २००६ नंतरही तीच दिसे. शेवटी जुलै २०१५ मध्ये माणसांसाठीचे इंजेक्शनही केवळ एका मात्रेच्या, तीन मिलिलिटरच्या वेष्टनात विकावे असा नियम झाला. बैलासाठी अशा चार-पाच कुप्या फोडाव्या लागतात, खर्च वाढतो, कंटाळा येतो. मनुष्यस्वभाव ओळखून केलेला असा नियम क्वचितच पाहावयास मिळतो. काही उत्पादक त्याविरुद्ध न्यायालयात गेले. २०१७ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने नियम उचलून धरला.

दरम्यान पर्यायही सापडला होता. मेलॉक्सिकॅम हे औषध गिधाडांना अपाय करीत नाही, हे २००६ मध्ये सिद्ध झाले, आणि ज्या संस्थांच्या शास्त्रज्ञांनी त्याच्या चाचण्या केल्या, त्यांत इज्जतनगरची ती संस्थाही होती, जिचा जन्म पुण्यात झाला होता. याच संस्थेतील पुढील चाचण्यांतून टोल्फेनॅमिक आम्ल सुरक्षित ठरले, तर निमेसुलाइड घातक निघाले. किटोप्रोफेन घातक असल्याचे परदेशी चाचण्यांत आधीच दिसले होते. ॲसिक्लोफेनॅकची गोष्ट तर अधिकच फसवी. ते गुरांच्या शरीरात गेले की त्याचे डायक्लोफेनॅकच होते. म्हणजे पुढच्या दाराने घालविलेला पाहुणा मागच्या दाराने घरात. जुलै २०२३ मध्ये किटोप्रोफेन व ॲसिक्लोफेनॅक यांवर आणि २०२४ च्या अखेरीस निमेसुलाइडवर, जनावरांसाठी, बंदी आली. पहिल्या बंदीपासून या बंदीपर्यंत अठरा वर्षे लोटली होती.

आतापर्यंत औषध ज्याला दिले त्याच्याविषयी आणि त्याच्या मरणानंतर ज्यांनी ते खाल्ले त्यांच्याविषयी लिहिले. देणाऱ्या हाताचाही थोडा विचार व्हावा.

गायींमधील गर्भपाताचा सांसर्गिक रोग, ज्याला आम्ही ब्रुसेल्लोसिस म्हणतो, त्याची लस चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना देतात. २०१९ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात ती देशभर दिली जाते. ही लस जिवंत जंतूंची असते. जंतू दुबळे केलेले असतात ते कालवडीच्या दृष्टीने, माणसाच्या नव्हे. एका लसीकरण मोहिमेत कालवड उसळली आणि सुई माझ्या डाव्या अंगठ्यात गेली. अंगठा धोतराला पुसून मी पुढच्या कालवडीकडे वळलो. तीन आठवड्यांनी रोज सायंकाळी ताप, घामाने अंथरूण भिजणे आणि कंबरेत असह्य कळ सुरू झाली. प्रथम हिवतापाचे, मग विषमज्वराचे उपचार झाले. डॉक्टरांनी माझा व्यवसाय विचारला नाही आणि मीही, स्वतः वैद्य असून, सुई टोचल्याचे सांगितले नाही. मला ती गोष्ट सांगण्याजोगी वाटलीच नव्हती. दोन महिन्यांनी योग्य तपासणी झाली आणि सहा आठवडे दोन प्रतिजैविके घेऊन मी बरा झालो. कंबर अजून थंडीत बोलते.

पांजरपोळातील सेवकांचा धोका यापेक्षा कमी नाही, आणि त्यांना तो कोणी सांगितलेलाही नसतो. गर्भपात झालेल्या गायीची वार उघड्या हाताने उचलणे, लाळ गाळणाऱ्या जनावराच्या घशात काही अडकले असेल म्हणून हात घालणे, या नित्याच्या गोष्टी आहेत. पिसाळलेली गायही लाळच गाळते. असे काम करणाऱ्या प्रत्येकाला रेबीजची लस आगाऊ टोचून घेता येते. जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम १९९८ मध्ये आले आणि २०१६ मध्ये नव्याने झाले. दोन्हींत पशुवैद्यकीय संस्थांचा स्पष्ट समावेश आहे. वापरलेली सुई छेद न जाणाऱ्या पांढऱ्या डब्यात आणि मुदत संपलेले औषध पिवळ्या पिशवीत टाकावयाचे. आम्ही सुया वर्षानुवर्षे शेणाच्या उकिरड्यात टाकीत आलो, आणि तो उकिरडा शेवटी शेतात जातो, जेथे कोणीतरी अनवाणी असते.

मला येथे एक गोष्ट सांगावीशी वाटते. आपल्या मुनिधर्मात पाच समिती सांगितल्या आहेत. त्यांपैकी आदाननिक्षेपण समिती म्हणजे वस्तू उचलताना व ठेवताना बाळगावयाची सावधानता आणि उत्सर्ग समिती म्हणजे त्याज्य पदार्थ टाकतानाची सावधानता. मी शास्त्राचा अभ्यासक नाही आणि मुनींचा आचार गृहस्थाला जसाच्या तसा लागू होत नाही, हेही जाणतो. परंतु सुया टाकण्याचा पांढरा डबा प्रथम पाहिला, तेव्हा मला लहानपणी पाठशाळेत पाठ केलेली ही दोन नावे आठवली. कायदा करणाऱ्यांना ती माहीत असण्याचे कारण नव्हते.

आपल्या पांजरपोळातील औषधांचे कपाट आता वेगळ्या खोलीत आहे. भूल देण्याचे किटामाइन २०१३ पासून कुलूपबंद ठेवावयाच्या औषधांच्या अनुसूचीत गेले. नशेसाठी त्याचा गैरवापर होऊ लागल्यामुळे हे करावे लागले. आम्ही ते ठेवतच नाही. शस्त्रक्रियेची वेळ आली तर बाहेरील तज्ज्ञ आपल्या जबाबदारीवर आणतात. पाना सोडण्यासाठी सर्रास टोचले जाणारे ऑक्सिटोसिनही नाही. नोंदवहीत तारीख, जनावराचा बिल्ला क्रमांक, औषध, मात्रा आणि सही हे रकाने पूर्वीपासून होते. त्यात मी दोन वाढविले. एक, दूध किती दिवस वापरू नये याचा. २०१२ च्या नियमानुसार वेष्टनावर मुदत दिलेली नसेल तर दुधासाठी किमान सात दिवस पाळावे लागतात, आणि पांजरपोळातील थोडेफार दूध कार्यकर्त्यांच्या घरी जाते हे आपण सर्व जाणतो. दुसरा, औषध दिल्यापासून मृत्यूपर्यंतच्या दिवसांचा. वेदनाशामक दिल्यावर आठवड्याच्या आत जनावर गेले, तर ते कोणतेही औषध असो, कलेवर उघड्यावर न टाकता खोल पुरावयाचे, असा ठराव विश्वस्तांनी केला आहे. आपल्या परिसरात आज गिधाडे नाहीत, मग हा खटाटोप कशासाठी, असे एका सभासदांनी विचारले होते. रायगड जिल्ह्यात म्हसळा तालुक्यातील चिरगाव येथे गावकऱ्यांनी गिधाडांची घरटी राखली आहेत, आणि हरियाणातील पिंजोरच्या केंद्रात वाढविलेली गिधाडे जानेवारी २०२४ मध्ये आपल्या विदर्भात, ताडोबा व पेंच येथे, आणली गेली. गिधाड एका दिवसात शेकडो किलोमीटर फिरू शकते, एवढेच उत्तर मी त्यांना दिले.

गेल्या वर्षी एका दात्यांनी आपला दुग्धव्यवसाय बंद करताना उरलेल्या औषधांचे एक मोठे खोके श्रद्धेने पांजरपोळास आणून दिले. मी ते उघडून पाहिले. निम्म्या औषधांची मुदत संपलेली होती आणि तळाशी किटोप्रोफेनच्या अकरा कुप्या होत्या. मी खोके स्वीकारण्यास नकार दिला. दाते वयाने माझ्याहून वडील. त्यांना तो अपमान वाटला. पावती फाडून ठेवलेले व्यवस्थापकही संकोचले. अखेर खोके जैववैद्यकीय कचरा नेणाऱ्या गाडीत गेले आणि त्याची पोच नोंदवहीच्या पानाला चिकटविलेली आहे. ते गृहस्थ त्यानंतर पांजरपोळात आलेले नाहीत. ही स्मरणिका सर्व आजीव सभासदांच्या घरी जाणार आहे. ती त्यांच्याही हाती पडेल, आणि त्या दिवशी दारात उभ्या उभ्या जे मला नीट सांगता आले नाही, ते त्यांना येथे वाचावयास मिळेल.